मिररलेस की खिशातला छोटा कॅमेरा: लेन्सपासून सुरुवात करून निवड कशी करायची

मिररलेस घ्यावा की खिशात मावणारा अल्ट्राकॉम्पॅक्ट, या पेचात सापडलेला माणूस बहुतेक वेळा दोन बॉड्या शेजारी ठेवतो आणि मेगापिक्सेल, स्क्रीन, व्हिडिओ यांची तुलना करत बसतो. त्यातून फारसं हाती लागत नाही. मेगापिक्सेल आता दोन्हींकडे पुरून उरतात. खरा फरक पाडते ती पुढची काच. माझं मत आधीच सांगून टाकतो: सोबत मिळणाऱ्या किट लेन्सखेरीज दुसरी लेन्स घ्यायची तयारी नसेल, तर मिररलेस घेण्यात फारसा अर्थ नाही. आणि तशी तयारी असेल, तर अंधारात, लांबवर किंवा पळत्या माणसामागे खिशातला कॅमेरा त्याच्या जवळपासही येत नाही. हे कसं, ते पायरी-पायरीने बघू. मध्ये थोडं गणित आहे, पण ते गुणाकारापलीकडे जात नाही.

आधी दोन्ही गोष्टी नेमक्या काय आहेत ते पाहू. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चकती, यांच्यामध्ये आरसा असायचा. तो काढून टाकला की लेन्स सेन्सरच्या बरीच जवळ आणता येते. कॅननच्या एसएलआरमध्ये हे अंतर ४४ मिमी होतं, त्यांच्या मिररलेसमध्ये ते २० मिमी आहे. त्यामुळे बॉडी पातळ झाली, लेन्स बदलण्याची सोय मात्र तशीच राहिली. २००८ मध्ये पॅनासॉनिकने जी१ आणला तेव्हा या जातीची खरी सुरुवात झाली. अल्ट्राकॉम्पॅक्ट म्हणजे लेन्स कायमची जोडलेला, बंद केल्यावर ती आत ओढून घेणारा, साधारण ३०० ग्रॅमच्या आतबाहेरचा कॅमेरा. सोनीची आरएक्स१०० मालिका, कॅननचा जी७ एक्स आणि रिकोचा जीआर ही त्याची ओळखीची नावं. फुजीफिल्मच्या एक्स१००-सहाची लेन्सही बदलता येत नाही, पण तो ५२१ ग्रॅमचा आहे आणि त्याला जाड जॅकेटचाच खिसा लागतो. म्हणून या लेखात तो धरलेला नाही.

पायरी १: फोनमधले फसलेले फोटो गोळा करा

कॅमेऱ्यांची माहिती वाचायला घेण्याआधी फोनची गॅलरी उघडा आणि गेल्या वर्षभरातले फोटो चाळा. चांगले आलेले सोडून द्या. मनात होता तसा जो आला नाही, तो प्रत्येक फोटो वेगळ्या अल्बममध्ये टाका आणि तो का फसला हे एका शब्दात ठरवा. ‘लांब’ म्हणजे जे टिपायचं होतं ते दूर राहिलं आणि बोटांनी मोठं केल्यावर चित्र फाटलं. ‘अंधार’ म्हणजे दाणे पडले किंवा चेहऱ्यावर रंग फासल्यासारखं दिसलं. ‘हललं’ म्हणजे माणूस, मूल किंवा कुत्रं धूसर आलं. ‘सपाट’ म्हणजे माणूस आणि मागची भिंत एकाच पातळीवर आल्यासारखे वाटले, दोघांत अंतरच दिसेना.

या कामाला तासभर लागतो, पण कुठल्याही तुलनात्मक तक्त्यापेक्षा ते जास्त शहाणं करतं. अल्बममध्ये नुसता अंधार असेल आणि टिपलेल्या गोष्टी स्थिर असतील, रात्रीची इमारत किंवा घराच्या आतला कोपरा, तर चांगला अल्ट्राकॉम्पॅक्ट पुरतो. खरं तर अनेकदा फोनचा रात्रीचा मोडही पुरतो. अंधार आणि हललं हे दोन शब्द सारखे जोडीने येत असतील, तर मिररलेसला पर्याय नाही, आणि तोही किट लेन्सवर भागणार नाही. ‘सपाट’ची गर्दी असेल तर तेच. ‘लांब’चे फोटो बघताना किती लांब तेही पाहा. व्यासपीठावरचा माणूस असेल तर २०० मिमीपर्यंत झूम असलेला (मिमीचा आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) छोटा कॅमेरा निभावून नेतो, पण झाडाच्या शेंड्यावरचा पक्षी त्याच्या आवाक्यात येत नाही. आणि अल्बम जवळजवळ रिकामा राहिला, तर तुम्हाला कॅमेऱ्याची गरज नाही, हौस आहे. हौसेसाठी घ्यायला हरकत काहीच नाही, फक्त गरजेच्या नावावर मोठा संच गळ्यात मारून घेऊ नका.

एक प्रकार मात्र गॅलरीत सापडत नाही: जे फोटो काढलेच नाहीत ते. फोन हातात घेतला की निरोप दिसतो, उत्तर द्यावंसं वाटतं, आणि समोरचं निघून जातं. बऱ्याच जणांना वेगळा कॅमेरा हवा असतो तो याचसाठी, आणि ते कारण मला तांत्रिक कारणांइतकंच खरं वाटतं. तुमचंही तेच असेल, तर कौल छोट्याकडे झुकतो.

पायरी २: मेगापिक्सेल सोडा, सेन्सरचं माप बघा

सेन्सर जितका मोठा, तितका प्रकाश गोळा करायला जागा जास्त. मापं अशी: फुल फ्रेम ३६ गुणिले २४ मिमी, एपीएस-सी साधारण २३.५ गुणिले १५.६ मिमी, मायक्रो फोर थर्ड्स १७.३ गुणिले १३ मिमी, ‘एक इंची’ १३.२ गुणिले ८.८ मिमी, आणि जुन्या व स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांतला १/२.३ इंची फक्त ६.१७ गुणिले ४.५५ मिमी. एक इंची सेन्सरची कुठलीच बाजू एक इंच नसते, त्याचा कर्णही १६ मिमीच्या आसपासच भरतो. हे नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या बाहेरच्या व्यासावरून चालत आलं आहे.

क्षेत्रफळाचा हिशोब केला की चित्र स्वच्छ होतं. एक इंची सेन्सर १/२.३ इंचीच्या चौपट आहे. एपीएस-सी एक इंचीच्या तिपटीहून थोडा मोठा, आणि फुल फ्रेम एक इंचीच्या सातपटीहून मोठा. महागड्या फोनमधले मुख्य सेन्सर आता १/१.३ इंचाच्या घरात गेले आहेत, म्हणजे १/२.३ इंचीच्या दुपटीहून मोठे. शिवाय फोन एका क्षणात अनेक फोटो घेऊन ते एकमेकांवर बसवतो आणि दाणे पुसून टाकतो.

यातून पहिली चाळणी लागते: १/२.३ इंची सेन्सरचा साधा छोटा कॅमेरा आज घेऊ नये. दिवसाउजेडी खरा, काचेचा झूम आणि खराखुरा फ्लॅश या दोनच बाबतीत तो फोनच्या पुढे जाईल, बाकी सगळीकडे मागे पडेल. याला एकच अपवाद मी मानतो, तो म्हणजे पाण्यात चालणारे दणकट कॅमेरे. ओएम सिस्टिमचा टीजी-७ वेगळ्या आवरणाशिवाय १५ मीटर खोलीपर्यंत चालतो आणि १ सेंटिमीटरवरच्या वस्तूवर फोकस करतो. ते काम त्याच्याकडूनच करून घ्यावं.

सध्या पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या सीसीडी सेन्सरवाल्या छोट्या कॅमेऱ्यांची लाट आहे. त्यांचे ‘रंग’ वेगळे असतात म्हणतात. ते रंग सेन्सरच्या जातीपेक्षा त्यावरचे रंगफिल्टर, कॅमेऱ्यातली प्रक्रिया आणि समोरून मारलेला कडक फ्लॅश यांतून येतात. गंमत म्हणून एखादा घ्यावा, पण फोनपेक्षा वरची पायरी म्हणून नको.

तर आता रिंगणात दोघे उरले: एक इंची किंवा त्याहून मोठ्या सेन्सरचा छोटा कॅमेरा, आणि मिररलेस.

पायरी ३: एफच्या आकड्याला गुणायला शिका

लेन्सवर एफ/१.८, एफ/३.५ असे आकडे असतात. आकडा लहान तितकं छिद्र मोठं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण वेगवेगळ्या मापाच्या सेन्सरवर एकच आकडा एकच परिणाम देत नाही. फोटोतले दाणे आणि मागची धूसरता यांची तुलना करायची असेल, तर एफच्या आकड्याला सेन्सरच्या गुणकाने गुणायचं. फुल फ्रेमचा गुणक १, एपीएस-सीचा १.५ आणि कॅननच्या किंचित लहान एपीएस-सीचा १.६, मायक्रो फोर थर्ड्सचा २, एक इंचीचा २.७.

आता बहुतेक जण दुकानात ज्या दोन वस्तूंपुढे अडखळतात त्या घेऊ. एकीकडे एपीएस-सी मिररलेस आणि त्याच्यासोबत मिळणारी १६-५० मिमी, एफ/३.५-५.६ किट लेन्स. दुसरीकडे एक इंची सेन्सरचा जी७ एक्स मार्क ३, ज्याची लेन्स फुल फ्रेमच्या भाषेत (म्हणजे तेच दृश्य फुल फ्रेमवर टिपायला लागेल त्या मापात) २४-१०० मिमी आणि एफ/१.८-२.८ आहे.

रुंद टोकाला किट लेन्सचं ३.५ गुणिले १.५ म्हणजे ५.२५. छोट्याचं १.८ गुणिले २.७ म्हणजे ४.९. लांब टोकाला किट लेन्सचं ५.६ गुणिले १.५ म्हणजे ८.४, आणि छोट्याचं २.८ गुणिले २.७ म्हणजे साधारण ७.६.

म्हणजे अंधाऱ्या खोलीत, एकाच शटर वेगाला (प्रकाश तितकाच वेळ आत घेतला तर), किट लेन्स लावलेला मिररलेस त्या खिशातल्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त प्रकाश गोळा करत नाही, उलट किंचित कमीच करतो. मोठ्या सेन्सरची सगळी कमाई अंधाऱ्या लेन्सने खाऊन टाकली. कॅननच्या आर५० बरोबरची १८-४५ किंवा निकॉनची १६-५० यांसारख्या किट लेन्स तर लांब टोकाला एफ/६.३ वर जातात, म्हणजे तिथे हा आकडा ९.५-१० होतो.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली अशी की भरपूर उजेडात, सर्वांत कमी आयएसओवर (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा), मोठा सेन्सर पुढेच राहतो. त्याच्यात प्रकाश साठवायची क्षमता जास्त असते, त्यामुळे ढगांचा पांढरा भाग आणि सावलीतला काळा भाग दोन्ही एका फोटोत जास्त वाचतात. दुसरी अशी की सगळे छोटे कॅमेरे एफ/१.८ वाले नसतात. आरएक्स१०० सात हा २४-२०० मिमीचा लांब झूम देतो, पण त्याची लेन्स एफ/२.८-४.५ आहे. गुणून पाहा: रुंद टोकाला ७.६. झूमची लांबी हवी तर प्रकाशात किंमत मोजावी लागते, हा व्यवहार कुठल्याच कंपनीला चुकलेला नाही.

आता त्याच मिररलेसला एफ/१.८ ची ३५ मिमी लेन्स लावा. १.८ गुणिले १.५ म्हणजे २.७. छोट्याच्या ४.९ शी तुलना करताना दोन्हींचा भागाकार करून वर्ग करायचा, येतात ३.३. सव्वातीन पट प्रकाश, आणि माणसामागची भिंत खरोखर विरघळते. एफ/१.४ ची लेन्स लावली तर गुणाकार २.१ वर येतो आणि प्रकाश पाचपटीच्या पुढे जातो. मिररलेसचे पैसे वसूल होतात ते इथे, किट लेन्सवर नाही.

पायरी ४: लेन्सची यादी आधी, बॉडी नंतर

कागदावर तीन रकाने आखा. पुढच्या दोन वर्षांत कुठल्या लेन्स घ्याल, त्यांचं वजन किती, आणि प्रत्येक लेन्स पायरी १ मधल्या कुठल्या शब्दावर उतारा आहे. तिसऱ्या रकान्यात काही लिहिता येत नसेल तर ती लेन्स यादीतून काढा. सगळी यादीच पुसली गेली, तर तुमचा निर्णय झाला: एक इंची किंवा त्याहून मोठ्या सेन्सरचा छोटा कॅमेरा घ्या.

यादी शिल्लक राहिली तर आता कुठला माउंट, म्हणजे बॉडीला लेन्स जोडण्याची कुठली पद्धत, ते बघा, कारण बॉडी चार-पाच वर्षांत बदलते, लेन्स बराच काळ सोबत राहतात. वजन हलकं ठेवायचं असेल तर मायक्रो फोर थर्ड्सकडे दुर्लक्ष करू नका. हा माउंट पॅनासॉनिक आणि ऑलिंपस, म्हणजे आताची ओएम सिस्टिम, या दोघांत सामाईक आहे. त्यातली ४०-१५० मिमी लेन्स फुल फ्रेमच्या ८०-३०० इतकी पोच देते आणि वजन १९० ग्रॅम. तितकीच पोच एपीएस-सीवर मिळवायला साधारण त्याच्या दीड ते दोन पट वजन उचलावं लागतं. अंधारात हलणाऱ्या माणसांसाठी एपीएस-सी आणि एफ/१.४ ची लेन्स ही जोडी माझ्या मते सगळ्यात समतोल. सिग्माची ३० मिमी एफ/१.४ सोनी, फुजीफिल्म, कॅनन, निकॉन आणि मायक्रो फोर थर्ड्स या सगळ्या माउंटवर मिळते आणि पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास असते.

फुल फ्रेमचा मोह पहिल्याच खेपेला टाळा. सोनीच्या ए७ चारची बॉडी ६५८ ग्रॅम, तिला शोभणारी २४-७० एफ/२.८ लेन्स ६९५ ग्रॅम. दोन्ही मिळून साडेतेराशे ग्रॅम. ज्याच्या मनात खिशातल्या कॅमेऱ्याचाही विचार घोळतोय, तो माणूस हे ओझं रोज वागवणार नाही.

पायरी ५: खिशाची परीक्षा

‘सोबत नेता येतो’ हे शब्द प्रत्येक कॅमेऱ्याच्या जाहिरातीत असतात. त्यावर विसंबू नका, जाडी मोजा. खिशात जाताना लांबी-रुंदी नडत नाही, जाडी नडते. रिकोचा जीआर३ ३३ मिमी जाड आणि २५७ ग्रॅमचा, पँटच्या पुढच्या खिशात बसतो. आरएक्स१०० सात ४३ मिमी जाड आणि ३०२ ग्रॅमचा, तो जॅकेटच्या किंवा सैल पँटच्या खिशात जातो, घट्ट जीन्समध्ये टोचतो. सोनीच्या ए६४०० वर मिटणारी किट लेन्स लावली तर वजन ५२० ग्रॅमच्या आसपास आणि लेन्सच तीन सेंटिमीटर पुढे. तो कुठल्याच खिशात जात नाही, त्याला पिशवी लागते.

पिशवी लागणं वाईट नाही. पण पिशवी घेऊन निघायचं हे आधी ठरवावं लागतं, आणि खिशातला कॅमेरा ठरवल्याशिवाय सोबत येतो. पुढचे पंधरा दिवस रोज बाहेर पडताना अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली एका छोट्या खांद्याच्या पिशवीत घालून न्या. वजन किट लेन्सवाल्या मिररलेसइतकंच भरतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिशवी घरी राहू लागली तर उत्तर मिळालं.

मधला एक मार्ग आहे: मिररलेसला पातळ ‘पॅनकेक’ लेन्स. फुजीफिल्मची २७ मिमी एफ/२.८ फक्त ८४ ग्रॅमची आहे, आणि ३५५ ग्रॅमच्या एक्स-एम५ वर लावली तर संच साडेचारशेच्या आत राहतो. गंमत अशी की ही जोडी आणि रिकोचा जीआर३-एक्स यांचं काम जवळपास सारखंच: दोन्हींचा सेन्सर एपीएस-सी, दोन्हींची लेन्स एफ/२.८, दोन्हींची नजर ४० मिमीच्या आसपासची. रिकोचं वजन या जोडीच्या साधारण साठ टक्केच. फुजीवर मात्र उद्या दुसरी लेन्स लावता येते. पायरी ४ मधली यादी भरली होती की पुसली होती, यावर या दोघांतली निवड आपोआप होते.

पायरी ६: हलणाऱ्या गोष्टींसाठी काय लागतं

घरातल्या दिव्यांत पळणारं मूल गोठवायचं तर शटर साधारण १/५०० सेकंद लागतं. मध्यम उजेडाच्या खोलीत एफ/२.८ वर त्यासाठी आयएसओ ६४०० च्या आसपास जावं लागतं, एफ/१.८ वर २५०० च्या जवळपास भागतं. एक इंची सेन्सरचा फोटो ६४०० वर चांगलाच दाणेदार होतो, एपीएस-सीचा वापरण्याजोगा राहतो. म्हणून पायरी १ मध्ये ‘अंधार’ आणि ‘हललं’ एकत्र आले की मिररलेस, असं म्हटलं होतं. आणि एक लक्षात ठेवा: कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सावरतं, समोरच्या मुलाची धावाधाव नाही. जाहिरातीतले स्टॉपचे (थरथर किती सावरली जाते त्याचं माप) मोठमोठे आकडे इथे काही कामाचे नाहीत.

फोकसच्या वेगात आता छोटे कॅमेरे सरसकट मागे नाहीत. आरएक्स१०० सात डोळा ओळखून त्याचा पाठलाग करतो आणि सेकंदाला २० फोटो घेतो. रिकोचा जीआर३ मात्र अंधारात फोकससाठी चाचपडतो. त्याचे चाहते अंतर आधीच ठरवून ठेवतात, उदाहरणार्थ २ मीटर, आणि बटण दाबलं की फोकसची वाट न बघता थेट फोटो. रस्त्यावरच्या छायाचित्रणाला ही पद्धत झकास आहे, मुलाच्या मागे धावायला नाही.

व्ह्यूफाइंडरचा विचार दुपारच्या उन्हात उभं राहून करा. भर उन्हात मागची स्क्रीन नीट दिसत नाही, आणि पुष्कळ अल्ट्राकॉम्पॅक्टना डोळा लावायला जागाच नसते. चष्मा लावल्याशिवाय ज्यांना जवळचं दिसत नाही, त्यांना हाताच्या अंतरावरच्या स्क्रीनपेक्षा नंबर जुळवता येणारा व्ह्यूफाइंडर फार सोयीचा पडतो. हा मुद्दा तुलनेच्या तक्त्यांत एका खुणेपुरता असतो, वापरात रोज जाणवतो. काही हलक्या मिररलेसनाही व्ह्यूफाइंडर नसतो, उदाहरणार्थ निकॉन झेड३० आणि वर उल्लेखलेला एक्स-एम५, तेव्हा गृहीत धरू नका.

छोटा कॅमेरा जिथे मोठ्याला मागे टाकतो

हे कोणी फारसं सांगत नाही म्हणून थोडं थांबतो. वर नाव घेतलेल्या अल्ट्राकॉम्पॅक्टमध्ये शटर सेन्सरपुढे नसून लेन्समध्येच असतं, त्याला लीफ शटर म्हणतात. ते जवळजवळ आवाज करत नाही. आणि फ्लॅशशी ते खूप जास्त वेगाला जुळतं. मिररलेसमध्ये साधा फ्लॅश १/१६० ते १/२५० सेकंदापर्यंतच जुळतो, लीफ शटरमध्ये १/१००० किंवा त्याहून वेगाने. याचा फायदा कडक उन्हात दिसतो: टोपीखालचा काळवंडलेला चेहरा इवल्याशा फ्लॅशनेही उजळतो आणि मागचं आकाश निळंच राहतं. जी७ एक्समध्ये फ्लॅश अंगचाच आहे. जीआर३ मध्ये नाही, वरून लावावा लागतो.

जीआर३ आणि जी७ एक्समध्ये प्रकाश अडवणारा एनडी फिल्टरही आतच असतो. धबधब्याचं पाणी रेशमी दाखवायचं तर वेगळी काच खरेदी करून घासून-पुसून जपायला नको.

आणि माणसं. मोठी लेन्स रोखली की समोरचा सावध होतो, खांदे ताठ करतो. हातात मावणाऱ्या कॅमेऱ्याकडे कोणी फारसं लक्ष देत नाही.

पायरी ७: धूळ, बॅटरी, व्हिडिओ

लेन्स बदलताना मिररलेसच्या सेन्सरवर धूळ बसते हे सगळे जाणतात. ती हवेच्या फुग्याने उडवता येते, नाही गेली तर साफ करून मिळते. छोट्याची गोष्ट उलटी आहे. त्याची लेन्स बाहेर येते-आत जाते तेव्हा हवा आत ओढली जाते, हवेबरोबर धूळही. सेन्सरवर डाग बसला तर कॅमेरा उघडल्याशिवाय निघत नाही. वाळूचा एक कण लेन्सच्या नळीत अडकला तर लेन्स अर्ध्यावर थांबते आणि कॅमेरा चालूच होत नाही. खिशात ठेवायचा असेल तर त्या खिशात दुसरं काही ठेवू नका, आणि आधी एक पातळ कापडी पिशवी शिवून घ्या.

बॅटरीचं सीपा, म्हणजे कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या, प्रमाणानुसार मोजमाप असं: जीआर३ सुमारे २०० फोटो, आरएक्स१०० सात २६०, ए६४०० सुमारे ४१०. छोट्यासोबत एक जादा बॅटरी धरूनच चाला.

व्हिडिओ ही मुख्य गरज असेल तर फार विचार करायला नको, मिररलेस घ्या. लहान बंदिस्त अंगातून उष्णता बाहेर पडत नाही, त्यामुळे बरेच छोटे कॅमेरे फोरके चित्रीकरण करताना तापून थांबतात. बाहेरचा माइक, लांब चित्रीकरण, उलटी फिरणारी स्क्रीन हे सगळं मिररलेसमध्ये सहज मिळतं. मधूनमधून अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांसाठी मात्र कुठलाही चालेल, आणि तेवढ्यासाठी फोनही वाईट नाही.

पायरी ८: पैसे देण्याआधीची तपासणी

२०१० च्या सुमारास जगभरात वर्षाला १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात जात होते आणि त्यांतले बहुतेक छोटेच होते. फोनने तो बाजार गिळला, म्हणून आज नवे छोटे कॅमेरे मोजकेच निघतात आणि अनेक जण वापरलेल्याकडे वळतात. तिथे फसगत होऊ नये म्हणून हा क्रम पाळा.

कॅमेरा नवा असो वा जुना, आधी स्वतःचं मेमरी कार्ड घेऊन जा. बंद कॅमेरा खिशातून काढून पहिला फोटो घ्यायला किती वेळ जातो ते पाहा. बटणं तुमच्या अंगठ्याला सापडतात का? जाड बोटांच्या माणसांना आरएक्स१०० ची बटणं फार जवळ वाटतात, आणि हे तक्त्यात कळत नाही. खोलीच्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्याकडे रोखून फोकस लागतो का ते बघा. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) मिळते का तेही बघा. फोटो नंतर उजळवायचा असेल तर ती लागतेच, आणि स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांत ती बहुधा नसते.

वापरलेला अल्ट्राकॉम्पॅक्ट असेल तर झूम पूर्ण बाहेर काढून पुन्हा आत घ्या, असं आठ-दहा वेळा. करकर आवाज आला किंवा लेन्स एका बाजूला कललेली दिसली तर तिथेच नमस्कार करा. मग ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/११ किंवा एफ/१६ वर नेऊन, म्हणजे कॅमेरा परवानगी देईल तितकं बारीक करून, कोऱ्या पांढऱ्या भिंतीचा जाणूनबुजून फोकस घालवलेला फोटो घ्या. स्क्रीनवर मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरकवा. गोल करडे ठिपके दिसले तर ती आतली धूळ आहे, आणि छोट्या कॅमेऱ्यात ती काढण्याचा खर्च तुमच्याच डोक्यावर येणार. हाच डाग मिररलेसमध्ये दिसला तर घाबरू नका, भाव कमी करून मागा. मिररलेसमध्ये त्याऐवजी लेन्स बसते ती धातूची कडी झिजलेली नाही ना, शटर किती वेळा चाललंय आणि लेन्सच्या आत बुरशीचे धागे नाहीत ना, हे टॉर्च मारून बघा. बुरशी दिसली तर ती लेन्स फुकट मिळाली तरी घेऊ नका.